अपंग सैनिकाचे निवृत्तिवेतन : मोजमाप आणि पुरावा

सातारा, रत्नागिरी यांसारख्या जिल्ह्यांतील कित्येक जुन्या गावांत शाळेच्या, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसविलेली एक लहानशी दगडी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ या काळातील महायुद्धावर या गावातून इतके लोक गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राणार्पण केले, एवढाच मजकूर तिच्यावर कोरलेला असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. अशा पाटीवर आकडे दोनच असतात : गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा. पाय गमावून, डोळे गमावून किंवा छातीचा विकार घेऊन जे परत आले, त्यांचा तिसरा आकडा कोरण्याची कोणाला आवश्यकता वाटली नाही. मृतांची गणना एकदाच करावी लागते. अपंगाची गणना केली म्हणजे त्याच्या उदरनिर्वाहाचा हिशेब दरमहा ठेवावा लागतो.

हा हिशेब पूर्वीच्या काळी कसा ठेवला गेला आणि तो अपुरा का पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. निवृत्तिवेतनाची रक्कम तुटपुंजी होती, असे सांगून हा विषय सहसा संपविला जातो. ते खरेच होते. तथापि रकमेपेक्षाही दोन प्रश्नांनी अपंग सैनिकाला अधिक नाडले. अपंगत्व मोजावयाचे कसे, हा पहिला प्रश्न. आणि ते सैनिकी सेवेमुळेच आले हे सिद्ध कोणी करावयाचे, हा दुसरा. भारतीय सैनिकाला लागू झालेले नियम ब्रिटिश लष्करी व्यवस्थेतून आलेले असल्यामुळे या प्रश्नांची मुळे शोधताना इंग्लंडच्या इतिहासात शिरावे लागते.

कृपा आणि हक्क

जखमी सैनिकाला राज्याने काही दिले पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. कृष्णाजी अनंत सभासद यांनी आपल्या बखरीत १६५९ च्या प्रतापगडच्या युद्धानंतरची जी हकीकत दिली आहे, तीत शिवाजी महाराजांनी जखमींना जखमेचे मान पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रकमा दिल्याचा आणि कामी आलेल्यांच्या कुटुंबांसाठी निम्मे वेतन चालविल्याचा उल्लेख आहे. जखम पाहून रक्कम ठरविण्याची ही पद्धत म्हणजे अपंगत्वाच्या मोजमापाचाच एक प्रारंभिक प्रकार होय. पेशवाईत लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांना मिळणाऱ्या नेमणुकीला ‘बालपरवेशी’ असे नावच होते. मात्र हे सारे धन्याच्या दृष्टीवर अवलंबून असे. धनी जाणता असला म्हणजे जखमीचे घर चाले. धनी बदलला, खजिना आटला किंवा राज्यच गेले म्हणजे दाद मागावयास जागा नसे.

इंग्लंडमध्ये १५९३ साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, अपंग सैनिकांसाठी पार्लमेंटने कायदा केला. प्रत्येक धर्मग्रामाने कर द्यावा आणि त्यातून त्या त्या परगण्यातील अपंग सैनिकांना वेतन द्यावे, अशी ही योजना होती. साध्या शिपायाला वर्षाला जास्तीत जास्त १० पौंड, लेफ्टनंटला २० पौंड, अशी मर्यादा होती. कायदा झाला म्हणजे हक्क निर्माण झाला, असे आपण समजतो. पण या कायद्यातील अटी वाचल्या म्हणजे त्या हक्काचे स्वरूप कळते. सैनिकाने आपल्या अधिकाऱ्याचा दाखला आणावा, ज्या परगण्यातून भरती झाली तेथपर्यंत स्वतः जावे आणि तेथील खजिनदारापुढे उभे राहावे. वाटेत किंवा नंतर कोठे भीक मागताना आढळला, तर त्याचे वेतन बंद व्हावे. परदेशातल्या लढाईत पाय गमावून बंदरावर उतरलेल्या माणसाने शेकडो मैलांचा प्रवास भीक न मागता कसा करावा, याचे उत्तर कायद्यात फारसे नव्हते.

पुढे लंडनजवळ चेल्सी येथे दुसऱ्या चार्ल्स राजाने १६८२ साली वृद्ध व अपंग सैनिकांसाठी आश्रयस्थान बांधावयास घेतले. १६९२ साली तेथे पहिले सैनिक राहावयास आले. जागा मर्यादित असल्यामुळे बहुसंख्य सैनिक आपापल्या घरी राहून चेल्सीचे वेतन घेत. अठराव्या शतकात हे वेतन मुदत उलटून गेल्यानंतर, म्हणजे थकबाकीच्या रूपाने मिळे. नव्या वेतनधारकाला पहिली रक्कम हाती पडण्यासाठी वर्षभर वाट पाहावी लागे. या वर्षभरात तो काय खाई? सावकाराकडे जाई, येणारे वेतन गहाण टाकी आणि जबर व्याज भरी. वेतन चालू झाले तरी ते सावकाराच्याच घरी जाई. सैन्याचा खजिनदार असलेल्या थोरल्या विल्यम पिट यांनी १७५४ साली पार्लमेंटपुढे विधेयक आणून हे वेतन आगाऊ देण्याची व्यवस्था केली. सावकारी पाश म्हणजे काय, हे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील वाचकाला विस्ताराने सांगावयास नको. मंजूर झालेली रक्कम उशिरा देणे म्हणजे ती कमी देणेच होय, हे पिट यांच्या ध्यानात आले होते.

एवढे होऊनही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परिस्थिती कशी होती, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा येथे हलक्या घोडदळाच्या तुकडीने केलेला हल्ला इंग्रजी वाङ्‌मयात अजरामर झाला. शाळांतून त्यावरील कविता मुलांकडून पाठ करून घेतल्या जात. त्याच हल्ल्यातून वाचलेले काही सैनिक १८९० साली दारिद्र्यात दिवस कंठीत असल्याचे उघडकीस आले व त्यांच्यासाठी लोकवर्गणीचा निधी उभारावा लागला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ३० जुलै १८९० रोजी या निधीच्या साहाय्यार्थ आपला आवाज एडिसनच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर मुद्रित करून दिला. तो आजही ऐकावयास मिळतो. ध्वनिमुद्रणाच्या नवलाची चर्चा पुष्कळ होते. ज्यांच्या नावाने साम्राज्य गौरवगीते गात होते, त्यांच्यासाठी झोळी का फिरवावी लागली, याची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते.

हाताची किंमत सोळा शिलिंग

१९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धाने ही जुनी व्यवस्था मोडून काढली. तोफांचा मारा, यंत्रबंदुका आणि विषारी वायू यांनी जखमींची संख्या अशी वाढविली की धर्मादाय निधी आणि आश्रमगृहे यांच्या बळावर भागणे अशक्य झाले. एकट्या ब्रिटिश सैन्यात ४१,००० हून अधिक सैनिकांचे हात किंवा पाय कापावे लागले. त्यांतील सुमारे ६९ टक्के लोकांनी एक पाय आणि २८ टक्के लोकांनी एक हात गमावला होता. डिसेंबर १९१६ मध्ये ब्रिटनमध्ये निवृत्तिवेतनाचे स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले आणि मजूर पक्षाचे जॉर्ज बार्न्स त्याचे पहिले मंत्री झाले.

लाखो अर्जांचा निकाल लावावयाचा म्हणजे ठराविक मापे हवीत. ती मापे तयार झाली. युद्धकाळातील दरांनुसार उजवा हात खांद्यापासून गेला असेल तर आठवड्याला १६ शिलिंग. खांद्याच्या खाली पण कोपराच्या वर तुटला असेल तर १४ शिलिंग. कोपराच्या खाली तुटला असेल तर ११ शिलिंग ६ पेन्स. हात डावा असेल तर प्रत्येक रकमेतून १ शिलिंग वजा. (त्या काळी १२ पेन्सचा १ शिलिंग व २० शिलिंगांचा १ पौंड होत असे.) खाटकाच्या दुकानातील भावफलकाची आठवण व्हावी असे हे कोष्टक होते. ज्यांनी ते केले ते निर्दय होते असे मात्र म्हणता येणार नाही. पूर्वी एकाच प्रकारच्या दोन जखमींना अधिकाऱ्याच्या लहरीप्रमाणे वेगवेगळी रक्कम मिळे. कोष्टकामुळे ती निदान सारखी मिळू लागली. त्यातील उणीव निराळी होती.

१९१७ च्या राजाज्ञेने हे मोजमाप टक्केवारीत आणले. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गमावलेला सैनिक १०० टक्के अपंग. त्यास आठवड्याला २७ शिलिंग ६ पेन्स. गुडघ्याखाली पाय तुटलेला ५० टक्के. त्यास त्याच्या निम्मे, म्हणजे १३ शिलिंग ९ पेन्स. दोन बोटे गेलेला २० टक्के. त्यास ५ शिलिंग ६ पेन्स. वीस टक्क्यांच्या खाली नियमित निवृत्तिवेतन नाही, एकरकमी अनुदान घेऊन घरी जावे. मुलांसाठी वेगळा भत्ता होता, हे येथे नमूद केले पाहिजे. आता त्याच १९१७ साली ब्रिटिश पार्लमेंटने शेतमजुराचे किमान वेतन आठवड्याला २५ शिलिंग ठरविले होते, हे लक्षात घ्यावे. देशातील सर्वांत कमी मजुरी मिळविणाऱ्या धडधाकट माणसाला जे किमान मिळावे असे सरकार म्हणत होते, त्याहून केवळ अडीच शिलिंग अधिक, दोन्ही डोळे गमावलेल्याला मिळत होते. एक पाय गमावलेल्याला शेतमजुराच्या निम्म्याच्या आसपास. आणि युद्धाच्या चार वर्षांत जीवनावश्यक वस्तूंच्या किमती जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या. १९१९ साली पूर्ण अपंगत्वाचा दर ४० शिलिंगांवर नेण्यात आला, तो याच महागाईमुळे.

परंतु खरी मेख टक्केवारीच्या कल्पनेतच होती. टक्केवारी शरीराची लागे, उपजीविकेची लागत नसे. एकाच प्रकारे पाय तुटलेले दोन सैनिक घ्या. एक युद्धापूर्वी पेढीवर कारकून होता, दुसरा खाणीत उतरत होता. दोघेही ५० टक्के अपंग. पहिला महिनाभरात आपल्या टेबलापाशी परत बसू शकतो; दुसऱ्याचा धंदा कायमचा गेला, म्हणजे त्याच्या दृष्टीने अपंगत्व शंभर टक्के झाले. कोष्टकाला हा फरक दिसत नव्हता. युद्धापूर्वीच्या कमाईचा विचार करणारी एक पर्यायी तरतूद १९१७ च्या नियमांत होती. पण त्यासाठी पूर्वीच्या कमाईचा पुरावा हवा, आणि हातावर पोट असलेल्या मजुराकडे तो कोठून असणार? तिचा लाभ थोड्यांनाच झाला.

पुरावा कोणी द्यावयाचा

आता दुसरा प्रश्न. गोळीने तुटलेला हात सर्वांना दिसतो. परंतु युद्धात अपंग होणाऱ्यांपैकी फार मोठी संख्या रोगाने जर्जर झालेल्यांची असते : क्षय, संधिवात, हृदयविकार, वायूने जळलेली फुफ्फुसे, आणि स्फोटांच्या धक्क्याने ढासळलेले मन. हा रोग सेवेमुळे उद्भवला की सैनिक तो घरूनच घेऊन आला होता? १९१७ च्या नियमांनी यासाठी एक सूत्र घातले. अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले असावे, किंवा आधीपासून असल्यास सेवेमुळे बळावलेले असावे. या सूत्राचे एक चांगले अंग असे की ‘बळावलेले’ हा शब्द आल्याने पुष्कळ रोगग्रस्तांना दार उघडले. दुसरे अंग असे की ते सिद्ध करण्याचा भार सैनिकावर पडला.

भरतीच्या वेळी डॉक्टरने त्याला तपासून धडधाकट ठरविले होते; त्याच सरकारचा दुसरा डॉक्टर पुढे म्हणे की हा रोग याच्या प्रकृतीतच होता. खंदकातील ओल, अपुरे अन्न, रात्रंदिवसाचे जागरण यांची नोंद कोणी केलेली नसे. साक्ष देणारे सोबती मेलेले असत. मनोविकाराने ग्रासलेल्यांची अवस्था आणखी अवघड. त्यांच्याकडे दाखवावयास जखमच नसे. १९२१ साली ब्रिटनमध्ये सुमारे ६५,००० सैनिक अशा मानसिक आघातासाठी निवृत्तिवेतन घेत होते, ही संख्या ध्यानात घेतली म्हणजे नाकारलेल्या अर्जांची कल्पना करता येते. त्याच वर्षीच्या कायद्याने आणखी एक कुंपण घातले : सेवामुक्तीनंतर सात वर्षांच्या आत दावा केला पाहिजे. वायूने दुखावलेले फुफ्फुस सात वर्षांचे पंचांग पाहून निकामी होत नाही. तिशी-पस्तिशीत कसाबसा काम करणारा माणूस चाळिशी ओलांडताच अंथरुणाला खिळे आणि मग त्याला समजे की मुदत टळून गेली.

न्यायासाठी अपील न्यायाधिकरणे १९१९ पासून होती. मे १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने असंख्य प्रकरणे लढविली. नोकरीच्या बाबतीत १९१९ साली ‘राजाची राष्ट्रीय नामावली’ या नावाची एक योजना निघाली. कामगारांत निदान ५ टक्के अपंग सैनिक घेणाऱ्या मालकांची नावे तीत नोंदविली जात. मात्र ती पूर्णतः ऐच्छिक होती. सक्तीचा कायदा व्हावयास १९४४ साल उजाडले, म्हणजे दुसरे महायुद्ध यावे लागले.

इतर देशांतही चित्र फार वेगळे नव्हते. जर्मनीचा १९२० चा कायदा कागदावर ब्रिटनपेक्षा उदार होता, पण १९२३ च्या भयंकर चलनवाढीने निवृत्तिवेतनाची रक्कम पाव विकत घेण्यापुरतीही उरली नाही. अमेरिकेत मंदीच्या काळात, मार्च १९३३ मध्ये, काटकसरीच्या कायद्याने माजी सैनिकांच्या लाभांना मोठी कात्री लागली. पुढच्याच वर्षी तेथील काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून त्यातील काही भाग परत दिला. काटकसरीची वेळ आली म्हणजे ज्यांना संप करता येत नाही त्यांच्याकडे प्रथम दृष्टी वळते.

पुराव्याचा भार उलटला तो १९४३ साली. दुसऱ्या महायुद्धात लोकमताचा व संघटनांचा दबाव वाढल्यानंतर ब्रिटिश सरकारने मान्य केले की सैनिक भरतीच्या वेळी निरोगी होता असे धरून चालावे, अपंगत्व सेवेशी संबंधित नाही हे सरकारने दाखवावे आणि वाजवी शंका असल्यास तिचा फायदा सैनिकाला द्यावा. १५९३ पासून मोजले तर या एका बदलाला साडेतीनशे वर्षे लागली.

मेसोपोटेमियातून परतलेले

या साऱ्या घडामोडींत भारतीय शिपाई कोठे होता? पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० भारतीय सैनिक कामी आले आणि जखमींची संख्याही जवळपास तितकीच होती. महाराष्ट्राच्या दृष्टीने मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, आघाडी विशेष महत्त्वाची. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात त्या अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सुमारे १३,००० सैन्याला उपासमारीमुळे शरण जावे लागले. या आघाडीवरील वैद्यकीय व्यवस्था इतकी कोलमडली होती की तिच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाल्यावर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. जखमींना चाके धडधडणाऱ्या गाड्यांतून नेले जाई, नदीवरील बोटींत ते दिवसच्या दिवस पडून राहत. हिरवा भाजीपाला न मिळाल्यामुळे रक्तपिती आणि तत्सम रोगांनी भारतीय पलटणी पोखरल्या गेल्या. ज्या ठिकाणी जखम बांधावयास पट्टी अपुरी होती, तेथे प्रत्येक शिपायाच्या आजाराची कागदोपत्री नोंद नीट झाली असेल असे मानणे कठीण आहे. आणि पुढे निवृत्तिवेतनासाठी हाच कागद लागणार होता.

तेथून जहाजांनी येणारे रुग्ण व जखमी मुंबईस उतरत. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी भव्य वास्तू तेव्हा नुकतीच बांधून झाली होती. युद्धकाळात तिचा उपयोग सैनिकी रुग्णालय म्हणून करण्यात आला आणि वस्तुसंग्रहालय प्रत्यक्षात १९२२ साली उघडले. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांना कारागिरीचे शिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल ही संस्था सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला नेण्यात आली आणि तिचे कार्य अखंड चालत आले. निवृत्तिवेतन पुरत नाही, तेव्हा हाताला दुसरे काम शिकविले पाहिजे, ही जाणीव तीमागे होती.

निवृत्तिवेतन न पुरण्याचे कारण आकड्यांतच आहे. युद्धाच्या आरंभी भारतीय पायदळातील शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये होता. ब्रिटिश शिपायाला दिवसाला १ शिलिंग मूळ वेतन होते. १ रुपयास १ शिलिंग ४ पेन्स या तेव्हाच्या दराने त्याचे महिन्याचे साडेबावीस रुपये होतात. म्हणजे एकाच खंदकात एकाच गोळीला सामोरे जाणाऱ्या दोघांपैकी एकाचे वेतन दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. निवृत्तिवेतनाची कोष्टकेही अशीच दोन वेगळी होती आणि भारतीयाचे कोष्टक पुष्कळ खालचे होते. त्यातच तो शेतकरी. खेडला किंवा पाटणला परतलेल्या एका पायाच्या शिपायाला नांगराच्या तासात उभे राहता येत नाही, भातलावणीच्या चिखलात उतरता येत नाही, डोंगरउतारावरून लाकडाचा भारा आणता येत नाही. कारकुनाची नोकरी करावी तर अक्षरओळख नाही. कोष्टकाने त्याला निम्मा माणूस ठरविले होते. शेतीने मात्र त्याला पूर्ण नाकारले. त्याचा भार भावांनी आणि बायकोने उचलला, म्हणून तो उपाशी मेला नाही. लष्करी खर्चाच्या कोणत्याही हिशेबात हा भार दिसत नाही.

सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या तक्रारींसाठी १९१९ साली ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झाले. पुढे त्याचेच रूपांतर आजच्या केंद्रीय सैनिक मंडळात झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९७१ च्या युद्धानंतर, पाठीच्या कण्याला इजा होऊन लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकी येथे १९७४ साली पुनर्वसन केंद्र सुरू झाले.

स्वतंत्र भारतातील वाटचाल

‘सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले’ हे १९१७ चे सूत्र आणि वीस टक्क्यांची किमान मर्यादा, ही दोन्ही स्वतंत्र भारताच्या लष्करी निवृत्तिवेतन नियमांतही कायम राहिली. १९७१ च्या युद्धानंतर १९७२ साली युद्धात अपंग झालेल्यांसाठी व शहिदांच्या कुटुंबांसाठी अधिक उदार तरतुदी करण्यात आल्या. १९८२ च्या नियमांत स्पष्ट लिहिले गेले की आपला हक्क सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकू नये आणि शंकेचा फायदा त्याला द्यावा. तरीही व्यवहारात वैद्यकीय मंडळाचे ‘सेवेशी संबंध नाही’ एवढे तीन-चार शब्द अर्ज निकाली काढण्यास पुरत असत.

१९८५ साली भरती झालेल्या व अपस्मारामुळे १९९४ साली सेवेतून कमी केलेल्या धरमवीर सिंग या सैनिकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्णय दिला. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे धरावे, आणि रोग सेवेशी संबंधित नाही असे मंडळाला म्हणावयाचे असेल, तर त्याने त्याची कारणे लिहावीत, असे न्यायालयाने सांगितले. कारणे लिहिण्याची अट वरवर किरकोळ वाटते. परंतु ज्याला कारण लिहावे लागते त्याला कागद वाचावा लागतो.

टक्केवारीच्या बाबतीतही सुधारणा झाली. १ जानेवारी १९९६ पासून ५० टक्क्यांखालील अपंगत्व ५० धरावे, ५० ते ७५ पर्यंतचे ७५ धरावे आणि त्यावरील १०० धरावे, असा नियम आला. आरंभी त्याचा लाभ अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्यांनाच मिळे; डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार यांच्या प्रकरणात तो पूर्ण सेवा करून निवृत्त होणाऱ्या अपंग सैनिकांनाही लागू असल्याचे मान्य केले. वीस आणि तीस टक्क्यांमधील बारीक भांडणे या नियमामुळे पुष्कळ कमी झाली. उपजीविकेचे मोजमाप मात्र याही नियमाने होत नाही. साताऱ्याचा शेतकरी आणि शहरातील कारकून अजूनही एकाच कोष्टकात बसतात. २०२३ साली केंद्र सरकारने या विषयाचे नवे नियम केले आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून ते अमलात आले. त्या तारखेनंतर सेवेबाहेर पडणाऱ्यांनी आपल्या प्रकरणाचा विचार या नव्या नियमांनुसार करून घ्यावा.

ज्या कुटुंबांत अशी प्रकरणे प्रलंबित असतील, त्यांच्या दृष्टीने काही व्यावहारिक सूचना येथे देणे उपयुक्त ठरेल. सेवामुक्तीचे पुस्तक, वैद्यकीय मंडळाच्या अहवालाची प्रत, इजा झाली त्या वेळच्या अहवालाची प्रत, रुग्णालयातील नोंदी आणि अर्ज नाकारल्याचे पत्र हे कागद एकत्र व सुरक्षित ठेवावेत. त्यांतील एखादा नसेल, तर पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे लेखी मागणी करावी व मागणीपत्राची पोच जपून ठेवावी. सैनिक हयात नसला तरी त्याच्या पत्नीने हे कागद टाकून देऊ नयेत. थकबाकीचा प्रश्न त्यांवरच अवलंबून असू शकतो. अर्ज व अपील करण्यासाठी आपल्या जिल्ह्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जावे. तेथून प्रश्न न सुटल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.